चार बाय सहाची न्हाणी: ७२ हजारांत बाथरूम नव्याने करताना

एका सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू मला हाताला धरून त्यांच्या न्हाणीघरात घेऊन गेल्या. छताला पोपडे धरले होते, मधोमध पिवळा डाग पडला होता आणि त्यातून मिनिटाला एखादा थेंब गळत होता. आमचं बाथरूम त्याआधी सहाच वर्षांपूर्वी नवं केलेलं होतं. चकचकीत टाइल्स, काचेचं शेल्फ, भिंतीत लपवलेले नळ, सगळं देखणं होतं. पण जुन्या फरशीखाली काय चाललंय हे काम करणाऱ्याने पाहिलं नव्हतं, आणि ते विचारायला हवं हे मलाही ठाऊक नव्हतं.

म्हणून दुसऱ्यांदा काम काढलं तेव्हा मी एकच गोष्ट मनाशी धरली. जे झाकलं जाणार आहे तिथे पैसे आखडायचे नाहीत. काटकसर करायची ती डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंत. दिसणाऱ्या वस्तू स्वस्तातही छान मिळतात, नंतर बदलताही येतात. फरशीखालचा पाइप बदलायचा तर पुन्हा सगळं फोडावं लागतं.

आमचं घर डोंबिवलीतल्या जुन्या इमारतीत. संडास वेगळा, न्हाणी वेगळी, आणि न्हाणी ४ बाय ६ फूट. मुंबई-ठाणे-पुण्याच्या जुन्या सोसायट्यांतल्या असंख्य घरांत हेच माप दिसतं, त्यामुळे पुढचे आकडे त्याच मापाचे धरले आहेत. आम्ही ८० हजार बाजूला काढले होते, त्यातले ७२ हजार लागले. ते असे गेले:

- तोडफोड आणि राडारोडा उचलणं: ७,०००
- पाइप, जोड आणि प्लंबरची मजुरी: १४,०००
- वॉटरप्रूफिंग आणि कोबा (फरशीखालचा विटा-सिमेंटचा भराव): ९,०००
- टाइल्स: ७,०००
- टाइल्स बसवण्याची मजुरी, सिमेंट, वाळू, अ‍ॅडेसिव्ह: १४,०००
- नळ, शॉवर, जाळी, आरसा: ११,०००
- वायरिंग, दिवा, एक्झॉस्ट पंखा: ५,०००
- दार: ५,०००

हे आमच्या घरचे, आमच्या भागातले दर. तुमच्याकडे मजुरी कमी-जास्त असेल. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी आढळेल: ज्या टाइल्स निवडण्यात घरचे आठ-आठ दिवस घालवतात, त्यांचा वाटा एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्शाइतकाच असतो. दहा टक्के रक्कम मात्र हात न लावता ठेवाच. जुनं बांधकाम फोडल्यावर आत काय निघेल ते कुणीच आधी सांगू शकत नाही.

फोडण्याआधी

सोसायटीला लेखी अर्ज द्या आणि कामाच्या वेळा विचारून घ्या. राडारोडा गोणीत भरूनच खाली न्यावा लागतो, बऱ्याच ठिकाणी लिफ्ट वापरू देत नाहीत, आणि तो टाकायचा कुठे हेही आधी ठरवावं लागतं. गाडीवाल्याशी बोलणी तोडफोडीच्या आदल्या दिवशी झालेली बरी. खालच्या घरी स्वतः जाऊन सांगा, कारण पुढे एका महत्त्वाच्या चाचणीसाठी त्यांची मदत लागणार आहे. न्हाणी किंवा संडासातून खाली गळती होत असेल तर ती दुरुस्त करण्याचा खर्च सदनिकाधारकाचा, असंच सोसायट्यांचे आदर्श उपविधी सांगतात. त्यामुळे त्या घराशी संबंध चांगले ठेवणं आपल्याच फायद्याचं.

मग भिंतीवर आणि फरशीवर नाण्याने टकटक करा. टाइल भरीव वाजली, कुठे ओल नसली आणि खाली गळती नसली, तर जुन्या टाइलवरच नवी टाइल बसवण्याचा मार्ग मोकळा आहे. त्यात तोडफोड वाचते, आठवडाभराचा वेळ वाचतो. पॉलिमर मिसळलेलं टाइल अ‍ॅडेसिव्ह मात्र लागतं. नुसत्या सिमेंटवर ती टाइल टिकणार नाही. फरशी अर्धा इंच किंवा थोडी जास्त वर येते, म्हणून दार खालून कापावं लागेल का आणि पाणी बाहेर तर येणार नाही ना, हे आधीच मोजा. पण गळती असेल तर हा विचार सोडून द्या. वरून कितीही सुंदर टाइल लावली तरी खालचं पाणी थांबत नाही. आम्ही सहा वर्षांपूर्वी नेमकं हेच केलं होतं.

कामाची वेळही पाहून ठरवा. होळी, दिवाळी आणि मे महिन्याच्या आसपास बरेच कारागीर गावी जातात. पावसाळ्यात घरातलं काम करता येतं, पण काही वाळत नाही. आम्ही डिसेंबर निवडला. काम तीन आठवडे चाललं. त्यातले आठ-नऊ दिवस कुणी कारागीर आलाच नाही, आणि ते बरोबरच होतं: कोबा आणि वॉटरप्रूफिंगचा लेप वाळत होते. "आठ दिवसांत करून देतो" असं कुणी म्हणालं, तर त्यात वाळायचे दिवस कुठे बसवले आहेत ते विचारा. तेवढे दिवस अंघोळ संडासात बादली ठेवून करायची. जागा अडचणीची पडते, पण निभतं.

पाइप आणि जाळीखालचा ट्रॅप

जुन्या इमारतींत भिंतीत लोखंडी जीआय पाइप असतात. बाहेरून धड दिसले तरी आतून गंजाने इतके भरलेले असतात की पाण्याला वाट उरत नाही. भिंत उघडीच आहे तर ते सगळे काढून सीपीव्हीसी पाइप टाका. फिकट पिवळसर रंगाचे हे पाइप गरम पाण्यालाही चालतात. मुख्य ओळ पाऊण इंची आणि नळाचे फाटे अर्धा इंची घ्या. जिथे नळ आट्यांनी बसणार तिथे पितळी आट्यांचा जोड मागून घ्या, प्लॅस्टिकच्या आट्या पहिल्याच घट्ट पिळण्याला तडकतात. भिंत बुजवण्याआधी हातपंपाने दाब देऊन सगळी ओळ तपासायला लावा आणि त्या वेळी तिथे उभे राहा. सगळ्या पाइपांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, सोबत भिंतीला लावलेल्या मोजपट्टीचा फोटोही. पुढे आरशासाठी ड्रिल मारताना ते फोटो कामाला येतात.

सांडपाणी जिथून खाली जातं त्या भागाला देशभरचे प्लंबर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपल्या न्हाणीचं नाव तिथपर्यंत पोचलंय, याचं मला अप्रूप वाटतं. या ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी कायम साठून राहायला हवं. तेवढ्या पाण्यामुळेच गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. फरशी खाली घ्यायची म्हणून काही जण उथळ ट्रॅप बसवतात. घर थोडे दिवस बंद राहिलं की त्यातलं पाणी लवकर आटतं आणि वास सुटतो. जाळी मात्र उचलून धुता येईल अशीच घ्या.

वॉटरप्रूफिंग

इथे घाई केली तर बाकीचा सगळा खर्च वाया जातो, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

जुन्या इमारतींत न्हाणीखालचा स्लॅब घराच्या इतर फरशीपेक्षा खाली घेतलेला असतो, त्याला सन्क स्लॅब म्हणतात. तो खड्डा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरून वर फरशी केलेली असते. फरशीच्या सांध्यांतून झिरपलेलं पाणी या कोब्यात वर्षानुवर्षं साठतं, मग खालच्या घरात उतरतं. आमच्याकडे कोबा उकरला तेव्हा विटा पिळून निघतील इतक्या ओल्या होत्या.

क्रम असा ठेवा. कोबा पूर्ण काढून स्लॅब घासून स्वच्छ करा. भेगा आणि पाइप जिथून स्लॅबमधून जातात त्या जागा वाळताना न आकुंचणाऱ्या ग्राउटने, म्हणजे सांधे भरायच्या मिश्रणाने भरा. बहुतेक गळती पाइपाच्या भोवतीनेच सुरू होते. भिंत आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंटचा वाटा, म्हणजे गोलाई करून घ्या. काटकोनात लेप तडकतो, गोलाईवर टिकतो. मग पावडर आणि द्रव मिसळून बनणारा दोन घटकांचा लवचिक पॉलिमर लेप ब्रशने दोनदा लावा, पहिला हात आडवा तर दुसरा उभा. दोन हातांमधला वेळ पुड्यावर छापलेला असतो, तो पाळा. लेप भिंतीवर किमान एक फूट आणि अंघोळीच्या बाजूला डोक्याच्या उंचीपर्यंत जायला हवा.

लेप पूर्ण वाळला की पाणी साठवून बघायचं. ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करा, दारात विटा-सिमेंटचा छोटा बांध घाला आणि दोन इंच पाणी भरा. भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलची खूण करा. ४८ तास कुणीही आत जायचं नाही. या दोन दिवसांत खालच्या काकूंकडे तीनदा जाऊन छत पाहून आले. थेंब नाही, ओल वाढलेली नाही, आणि खुणेपेक्षा पाणी केसभरच उतरलं होतं, तेही हवेने. मगच पुढचं काम सुरू करू दिलं. कारागीर म्हणेल "ताई, काही होत नाही, माझी गॅरंटी." त्याच्या शब्दावर विश्वास ठेवा, पण पाणी भरून बघाच.

त्यानंतर नवा कोबा, त्याला उतार, वर पुन्हा लेप आणि पुन्हा चोवीस तास पाणी.

उताराचं गणित सोपं आहे: ८० फुटांना १ फूट. सहा फुटांच्या न्हाणीत दारापासून जाळीपर्यंत जेमतेम एक इंच. याहून कमी झाला तर पाणी साचतं, जास्त झाला तर म्हातारी माणसं पाय टाकायला बिचकतात. उतार कोब्यातच काढून घ्या, टाइल बसवताना सिमेंट कमी-जास्त करून नव्हे. तपासायला मुलांची गोटी घ्या. चारही कोपऱ्यांतून सोडली तरी ती जाळीकडेच आली पाहिजे.

टाइल्स: थोड्यात उठाव कसा आणायचा

दुकानात गेलं की विक्रेता 'डार्क, लाइट, हायलायटर' असा तिघांचा संच समोर मांडतो. खाली गडद, वर फिकट, मध्ये फुलांची किंवा दगडगोट्यांच्या चित्राची पट्टी. चार बाय सहाच्या जागेत या तिन्ही गोष्टी आल्या की भिंतींचे तुकडे पडतात आणि न्हाणी आहे त्याहून लहान दिसते. हायलायटरचा दरही जास्त असतो. माझं ठाम मत आहे की लहान बाथरूममध्ये भिंतींना एकच फिकट रंग, खालपासून वरपर्यंत, आणि जमिनीला त्याहून दोन छटा गडद मॅट टाइल घ्यावी. आम्ही भिंतीला मळकट पांढरा आणि जमिनीला राखाडी घेतला. सांध्यात ग्राउटही फिकट राखाडी भरला. पांढरा ग्राउट सहा महिन्यांत पिवळा पडतो.

हिशोब असा करा. चार भिंतींची लांबी मिळून २० फूट. दाराचे अडीच फूट वजा करून साडेसतरा. उंची ७ फूट, म्हणजे साधारण १२२ चौरस फूट. कापण्यात आणि फुटण्यात जाणारे दहा टक्के धरून १३५. बारा बाय अठरा इंची सहा टाइल्सच्या खोक्यात पावणेनऊ चौरस फुटांच्या आसपास भरतात, म्हणून १६ खोकी. जमिनीला एक बाय एक फुटाच्या तीन खोक्यांत भागतं. बारा बाय अठराची टाइल आडवी लावली तर सात ओळींत सात फूट होतात आणि सहा फुटांच्या भिंतीत चार टाइल्स बसतात. कापाकापी जवळजवळ नाही, आणि आडव्या रेषांमुळे भिंत लांब दिसते. मोठ्या आकाराच्या टाइल्स लहान न्हाणीत फार कापाव्या लागतात, तो सगळा माल कचऱ्यात जातो.

चारपैकी अर्ध्या भिंतींना चार फुटांपर्यंतच टाइल लावून वर रंग द्यावा असाही सल्ला मिळतो. मोठ्या बाथरूममध्ये जरूर करा. आमच्या मापात तीनच खोकी वाचत होती आणि बादलीने अंघोळ करताना पाणी सगळीकडे उडतं, म्हणून मी तो मोह सोडला.

स्वस्त माल मिळवायची खरी युक्ती म्हणजे उरलेले लॉट. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक टाइल्स गुजरातेतल्या मोरबीहून येतात आणि दुकानांत बंद झालेल्या डिझाइनची पंधरा-वीस खोकी पडून असतात. मोठ्या घराला ती पुरत नाहीत, आपल्या न्हाणीला बरोबर पुरतात. विचारताना "शिल्लक लॉट दाखवा" असं सरळ म्हणा. सगळ्या खोक्यांवरचा बॅच आणि शेड एकच आहे ना ते बघा, चार-पाच खोकी उघडून कडा जुळवून पाहा. पुण्यात असाल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटचा फेरा आणि नळ-बिजागऱ्यांसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी, एक दिवस सत्कारणी लागतो. एक खोकं जास्तीचं घेऊन पलंगाखाली ठेवा. पुढे एक टाइल फुटली तर तीच छटा बाजारात मिळणार नाही.

बसवताना लक्ष ठेवायच्या गोष्टी: साध्या सिरॅमिक टाइल्स सिमेंटवर लावायच्या असतील तर आधी पाण्यात भिजवाव्या लागतात, व्हिट्रिफाइड टाइल पाणी शोषत नाही, सिमेंट तिला धरत नाही, तिथे अ‍ॅडेसिव्हच हवं. अ‍ॅडेसिव्हची २० किलोची गोणी साधारण ४० ते ५० चौरस फुटांना पुरते. अखंड टाइल दारातून समोर दिसणाऱ्या कोपऱ्यातून सुरू करायला सांगा म्हणजे कापलेला तुकडा दारामागे जातो. भिंतीची सगळ्यात खालची ओळ फरशी झाल्यावर बसवली की सांधा भिंतीच्या टाइलखाली झाकला जातो आणि पाणी मागे शिरत नाही. सगळं वाळल्यावर प्रत्येक टाइल नाण्याने वाजवा. पोकळ वाजली ती त्याच दिवशी बदलून घ्या, हिशोब चुकता करण्याआधी.

आणि एक कोनाडा करून घ्या. भिंत बाहेरची, नऊ इंची असेल तर गवंडी तासाभराच्या कामात एक फूट रुंद कोनाडा काढून देतो. त्याच्या तळाला कडप्पा किंवा ग्रॅनाइटचा तुकडा, किंचित पुढे उतरता. साबण, शाम्पू, उटण्याची वाटी सगळं त्यात मावतं. सक्शनची प्लॅस्टिक रॅक आणि कोपऱ्यातला गंजका स्टँड यांची गरज संपते. पाहुणे आमच्या बाथरूममध्ये सगळ्यात आधी या कोनाड्याचं कौतुक करतात. ग्रॅनाइटवाल्याकडे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. उंबरा आणि खिडकीची पट्टीही त्यातूनच झाली.

नळ, शॉवर, दिवा

नळ विकत घेताना हातात तोलून पाहा. पितळी नळ जड लागतो. हलका चमकदार नळ वर्षा-दोन वर्षांत आटीपाशी सुटतो. पैसे कमी असतील तर कमअस्सल धातूपेक्षा चांगल्या कंपनीचा पीटीएमटी प्लॅस्टिकचा नळ केव्हाही बरा, तो गंजत नाही. भिंतीत दडवलेला डायव्हर्टर, म्हणजे पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा भाग, दिसायला सुबक असतो, पण त्यातलं कार्ट्रिज (आतली फिरकी) बिघडून तो भाग बाजारातून गेलेला असला तर टाइल फोडावी लागते. गरम-गार पाणी मिसळणारा वॉल मिक्सर भिंतीबाहेर राहतो आणि अर्ध्या तासात बदलता येतो. मी तोच घेतला. काळ्या मॅट नळांची सध्या हौस आहे. पाणी बोअरचं किंवा टँकरचं असेल तर त्यावर पांढरे डाग उठून दिसतात, तेव्हा क्रोमच बरा.

मोठा पावसासारखा शॉवर घेण्याआधी टाकी किती उंचीवर आहे ते पाहा. उंचीच्या प्रत्येक मीटरला ०.१ बार एवढाच दाब मिळतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल तर शॉवरच्या वर जेमतेम तीन मीटर पाणी असतं, त्यात मोठा शॉवर नुसता ठिबकतो. लहान तोंडाचा हातशॉवर अशा घरात उत्तम चालतो.

विजेच्या बाबतीत काटकसर नको. गीझरला स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट, ४ चौरस मिलिमीटरची तार, धड अर्थिंग, आणि मीटरपाशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच. बटण बाहेर. गॅस गीझर असेल तर तो बंद न्हाणीत ठेवूच नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि आतल्या माणसाला उठून दार उघडायचीही ताकद उरत नाही. तो बाहेर मोकळ्या हवेत लावून फक्त पाइप आत घ्या.

दिवा पिवळसर पांढरा, ४००० केल्विनच्या आसपास, आणि आरशाच्या वर. छताच्या मधोमध एकच दिवा असला की चेहऱ्यावर सावली पडते. आरसा मात्र मोठा घ्या, लहान न्हाणीत दोन बाय तीन फुटांचा आरसा खिडकीसारखं काम करतो. सहा इंची एक्झॉस्ट पंखा पुरतो. वरच्या घराचे पाइप छताला लटकत असतील तर पीव्हीसी पट्ट्यांचं छत स्वस्तात झाकून देतं. त्यात उघडता येईल असा एक चौकोन ठेवायला विसरू नका. दार पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसीचं (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिसळून केलेलं). जुनी चौकट ग्रॅनाइटची असेल तर तिला हात लावू नका.

आईसाठी आम्ही अंघोळीच्या बाजूला स्टीलचा आधाराचा दांडा लावला. तो टाइल बसवून झाल्यावर, विटेपर्यंत जाणाऱ्या अँकरने घट्ट करून, मी स्वतः पूर्ण वजनाने लटकून पाहिला. उंबराही अर्धा इंचच ठेवला आणि त्याची कड तासून घेतली. पूर्वीच्या उंबऱ्याला तिचा पाय दोनदा अडकला होता.

पैसे देताना

मजुरीचे चार हप्ते करा आणि ते कामाच्या टप्प्यांना बांधा: पाइपाची दाबचाचणी झाल्यावर पहिला, पाणी साठवून पाहिल्यावर दुसरा, टाइल्स वाजवून घेतल्यावर तिसरा. चौथा हप्ता, एकूण मजुरीच्या दहा टक्क्यांच्या आसपास, सगळं वापरात येऊन आठवडा झाल्यावर. हे आधीच कागदावर लिहून दोघांनी सही केली की वाद होत नाहीत. सामान शक्यतो स्वतः आणा, बिलं जपून ठेवा. चांगल्या कारागिराला चहा, वेळेवर पैसे आणि कामात नाक न खुपसणारा मालक हवा असतो. चाचण्यांच्या वेळी मात्र आपण तिथे असलंच पाहिजे.

आजीचं तांब्याचं घंगाळ माळ्यावर पडून होतं. ते चिंचेने घासून आता न्हाणीच्या दाराशी, धुतलेले टॉवेल ठेवायला आहे. राखाडी फरशीपुढे त्याचा रंग फार सुंदर दिसतो. काम संपल्यावर महिन्याभराने काकूंच्या छताचे पोपडे खरवडून आम्ही तिथे रंगाचे दोन हात दिले, तो खर्चही त्या ८० हजारांतूनच भागला. पहिल्या पावसाळ्यात दोनदा जाऊन पाहिलं. छत कोरडं आहे.